डिझेलच्या धुराचा जमाखर्च

काही महिन्यांपूर्वी मालमोटारींच्या एका दुरुस्तीगृहात दोन-तीन तास बसून राहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. गाडी अर्थातच लेखकाची नव्हती. मालवाहतुकीचा लहानसा व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याची होती. चढावर गाडीचा दम टिकत नाही, डिझेल पूर्वीपेक्षा जास्त लागते आणि चालकासमोरचा पिवळा दिवा काही केल्या विझत नाही, अशी तक्रार होती. धुरातील काजळी अडविण्यासाठी अलीकडच्या गाड्यांना जी गाळणी बसविलेली असते, ती त्यापूर्वी दोनदा अन्यत्र साफ करून झाली होती. दोन्ही वेळा थोड्याच दिवसांत ती पुन्हा तुंबली. खेपा बुडत होत्या, कर्जाचा हप्ता थांबत नव्हता. त्रासून गेलेला मालक अखेर या निर्णयाला आला होता की, ही गाळणीच कापून काढावी आणि गाडीतल्या संगणकाला ती जागेवर आहे असे भासवावे. असे करून देणारे कारागीर मिळतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मनाई केलेली आहे, ही गोष्ट त्यांच्या व्यवहारात फारशी आड येत नाही.

त्या दुरुस्तीगृहातील वयस्कर मिस्त्रीने मात्र नकार दिला. काजळी गाळणीत जन्मत नाही. ती जिथे जन्मते तिथे जाऊन पाहिले पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याने वही उघडली, संगणकाने दाखविलेले दोषांचे आकडे तसेच राहू देऊन ते लिहून घेतले, आणि मग गाळणीच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजावयास सुरुवात केली. ते पाहत असताना मला ज्या गृहस्थाची आठवण झाली, त्याचे आडनाव या देशात इंधन म्हणून रोज लाखो तोंडी येते, आणि म्हणूनच की काय, तो माणूस म्हणून कोणालाच आठवत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे आयुष्य हा धूर, उधळमाधळ आणि हिशेब यांचाच इतिहास आहे.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. घरची स्थिती बेताचीच, त्यामुळे तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचविण्याचे काम या मुलाकडे असे. फावल्या वेळी तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन बसे. 1870 साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. पण तेथे सर्वांचे भागेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्ग येथे नात्यातल्या एका गणितशिक्षकाच्या घरी पाठविण्यात आले. ज्याला एक देश परका म्हणून घालवितो आणि दुसऱ्या देशात नातेवाईकाच्या घरी वाढावे लागते, तो मुलगा परीक्षेतल्या गुणांचा आधार शोधतो. रुडॉल्फने तेच केले. आपण अभियंता होणार, असे त्याने चौदाव्या वर्षीच आईवडिलांना कळवून टाकले होते.

शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात गेला. तेथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. शीतकरणाच्या यंत्रांचे हे मोठे जाणकार. 1878 साली उष्मागतिकीच्या व्याख्यानात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम 6 ते 10 टक्के उष्णतेचेच कामात रूपांतर करते. बाकीची वाया जाते. आपल्यापैकी कोणीही विद्यार्थी हे वाक्य वहीत उतरवून पुढच्या वाक्याकडे वळला असता. या वीस वर्षांच्या मुलाने वहीच्या समासात स्वतःसाठी एक टिपण केले, की याहून चांगले काही करता येईल काय ते शोधावे. पुढची पंधरा वर्षे त्याने पोटासाठी लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांचा व्यवसाय सांभाळला, 1883 साली विवाह केला, तीन मुले झाली; पण समासातील ते टिपण त्याने कधी खोडले नाही.

त्याची कल्पना मूळात साधी होती. सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, हे आपण हाताने अनुभवतो. हवा फार जोराने दाबली तर ती इतकी तापेल की तीत सोडलेले तेल ठिणगीशिवाय आपोआप पेटेल. आणि दाब जितका अधिक, तितका उष्णतेचा अधिक भाग कामात वळविता येईल. फेब्रुवारी 1892 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुस्तिकेतील गणित धाडसी होते, आणि काही ठिकाणी व्यवहारात अशक्यही. त्यात सांगितलेला प्रचंड दाब कोणत्याही सिलिंडरला पेलला नसता. डिझेलने आपले गणित पुढे बदलले, दुसरे पेटंट घेतले. पण पहिल्या पेटंटात लिहिलेले इंजिन आणि प्रत्यक्षात चाललेले इंजिन एकच नव्हे, हा टीकाकारांचा आक्षेप त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची पाठ सोडणार नव्हता. आक्षेपात तथ्य होते. मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना अशा गोष्टी झाकण्याची आपल्याकडे जी रीत आहे ती या माणसाच्या बाबतीत विशेष अन्यायाची ठरेल, कारण चुकीचे मोजमाप घेऊन ते दुरुस्त करीत जाणे हेच त्याचे खरे कर्तृत्व होते.

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप या पोलादाच्या पेढीने पैसा दिला. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या यंत्रात इंधन सोडताच असा स्फोट झाला की दाब दाखविणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावला. त्या स्फोटातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र आनंदाचा होता: दाबलेल्या हवेत इंधन स्वतःहून पेटते, हे सिद्ध झाले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी यंत्र सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले. बाहेरून पट्ट्याने फिरविले जाणारे इंजिन आता उलट पट्ट्यालाच ओढू लागले आहे, हे प्रथम एका कारागिराच्या लक्षात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात.

यानंतरची तीन वर्षे हा या कथेतील सर्वांत नीरस आणि सर्वांत मोलाचा भाग होय. इंजिन पेटत होते, पण नीट जळत नव्हते. तेलाच्या थेंबाला भोवती पुरेशी हवा मिळाली नाही, की तो अर्धवट जळतो आणि त्याचा काळा कोळसा मागे उरतो. हीच काजळी. डिझेलपुढचा प्रश्न असा की, क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात थेंबभर तेल सगळ्या हवेत सारखे कसे पसरावयाचे? त्याने नळीचे तोंड बदलून पाहिले, इंधने बदलून पाहिली, प्रकाशाचा गॅसदेखील वापरून पाहिला. प्रत्येक प्रयोगात सिलिंडरमधील दाबाचा आलेख काढला, आणि तो आलेख जुळेना तेव्हा यंत्राचा कोणता भाग खोटे बोलतो आहे ते शोधले. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर तेल आत फुंकण्याची रीत टिकली. 17 फेब्रुवारी 1897 रोजी म्युनिकचे प्राध्यापक श्र्योटर यांनी या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. औष्णिक कार्यक्षमता 26.2 टक्के भरली. लिंडे यांच्या व्याख्यानातील आकड्याच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावा.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे. त्या काळी धूर म्हणजे कोळशाचा धूर. शहरे त्याने काळवंडली होती. त्या तुलनेत डिझेलचे इंजिन स्वच्छ म्हणून वाखाणले गेले. 1912 साली कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालेल्या ‘सेलँडिया’ या जहाजावर डिझेल इंजिने होती आणि धुराडेच नव्हते. बंदरातल्या लोकांना त्याचे नवल वाटे. इंजिनांचा निकास डोलकाठीतून वर नेलेला होता. धूर नव्हता असे नाही; तो दिसू नये अशी सोय केलेली होती.

यश आले त्याच्या पाठोपाठच अपयशाची मालिका सुरू झाली. 1898 साली केंप्टन येथील आगकाड्यांच्या कारखान्यात पहिले व्यापारी इंजिन बसले. काडी न ओढता पेटणारे यंत्र काड्यांच्या कारखान्यात जावे, ही योगायोगाची थट्टाच म्हणावयाची. ते इंजिन वारंवार बिघडे. प्रयोगशाळेत स्वतः डिझेल शेजारी उभा असताना चालणारे यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर हट्ट धरू लागे, कारण ते समजून घेणारे कारागीर अजून तयार व्हावयाचे होते. परवाने मात्र जगभर विकले गेले. अमेरिकेचे हक्क बीअरचे मोठे उत्पादक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. चाळिशी गाठण्यापूर्वीच डिझेल लक्षाधीश झाला, त्याच वर्षी त्याची प्रकृती मानसिक ताणाने ढासळली, आणि पुढे त्याने म्युनिकमध्ये एक प्रशस्त हवेली बांधली. तेलाच्या विहिरी आणि जमिनीचे सौदे यांत त्याने पैसा गुंतविला तो बुडाला. उष्णतेचा एकेक अंश मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरखर्चाचा आलेख कधी काढला नाही.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला त्याच्या आयुष्यातील आणखी एक प्रकरण महत्त्वाचे वाटते, ज्याचा उल्लेख यंत्रविद्येच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. डिझेलला आपले इंजिन मुळात मोठ्या कारखानदारांसाठी नको होते. वाफेचे अवजड यंत्र फक्त भांडवलदाराला परवडते आणि म्हणून विणकर, सुतार, लोहार देशोधडीला लागतात. त्यांच्या कोपऱ्यात मावेल असे काटकसरी यंत्र मिळाले तर ते पुन्हा उभे राहतील, अशी त्याची धारणा होती. 1897 चे त्याचे इंजिन तीन मीटर उंच आणि साडेचार टन वजनाचे निघाले! ते लोहाराच्या कोपऱ्यात मावण्यासारखे नव्हते. 1903 साली त्याने ‘सॉलिडारिस्मुस’ नावाचे पुस्तक लिहिले. कामगारांनी रोज अगदी अल्प रक्कम एका सामाईक निधीत टाकावी, त्या निधीच्या हमीवर कर्जे उभारावी आणि कामगारांच्याच मालकीचे उद्योग काढावेत, अशी ती योजना होती. अशा उद्योगांना त्याने मधमाश्यांच्या पोळ्यांची उपमा दिली. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या सुमारे तीनशे. इंजिनापेक्षा या पुस्तकाचे मोल तो अधिक मानी.

लहान माणसाच्या हाती पडण्याइतके हे इंजिन लहान झाले ते त्याच्या मागे, आणि आपल्याकडे तर विहिरीच्या काठावर. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. ज्या शेतापर्यंत विजेची तार पोचली नव्हती तेथे मोटेच्या जागी ‘ऑइल इंजिन’ आले आणि ऊस, द्राक्षे, भाजीपाला उभा राहिला. ऑग्सबर्गच्या त्या अभियंत्याचे स्वप्न त्याच्या गावात फसले आणि आपल्या मळ्यांत बऱ्याच अंशी खरे झाले, असे म्हणता येईल. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, आणि शेतात पिकणारे तेल एके दिवशी महत्त्वाचे इंधन ठरेल अशी अपेक्षा त्याने पुढे व्यक्त केली होती, हेही या संदर्भात आठवते.

1913 च्या सप्टेंबरपर्यंत कर्जे फेडण्यापलीकडे गेली होती. त्याच वर्षी आखेनच्या एका प्राध्यापकाचे, डिझेलचे श्रेय म्हणजे एक दंतकथा आहे असे प्रतिपादन करणारे पुस्तक आले. इंग्लंडमध्ये इप्सविच येथे नव्या कारखान्याच्या कामासाठी तो निघाला. निघण्यापूर्वी त्याने पत्नीला एक पिशवी दिली आणि आठवड्याने उघडावयास सांगितले. 29 सप्टेंबरच्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवर त्याने सहकाऱ्यांबरोबर जेवण घेतले, सकाळी उठविण्यास सांगितले आणि तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. रोजनिशीत त्या तारखेपुढे फक्त एक फुली काढलेली होती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत आढळले. खलाशांनी खिशातील गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचे घर एवढ्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत समुद्राच्या स्वाधीन केले. त्या वस्तू धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. पत्नीने पिशवी उघडली तेव्हा तीत वीस हजार मार्क रोख आणि रित्या खात्यांचे कागद होते. घातपाताच्या अनेक कथा तेव्हापासून सांगितल्या जातात. रित्या खात्यांचे कागद पाहिल्यावर त्या कथांची गरज उरत नाही, असे मला वाटते.

मालमोटारीवरील डिझेल इंजिन त्याला पाहावयास मिळाले नाही. तसा प्रयत्न त्याने केला होता; पण हवेचा झोत निर्माण करणारे दाबयंत्र बरोबर वाहून नेणे गाडीला झेपणारे नव्हते. 1923-24 मध्ये जर्मनीत अशा मालमोटारी निघाल्या, आणि 1927 पासून बॉशचा इंधनपंप कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडू लागला, तेव्हा रस्ता मोकळा झाला. शंभर वर्षांत या इंजिनाने जगाचा माल वाहिला. भाजी, सिमेंट, धान्य, पाठ्यपुस्तके सगळे काही. आणि डोलकाठीत लपविलेला धूर रस्त्यावर माणसाच्या नाकासमोर आला.

या धुराचा एक पेच आहे, आणि तो डिझेलच्याच गणितातून निघालेला आहे. इंजिन जितके तापते तितके ते काटकसरी होते. परंतु त्याच उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन विषारी वायू बनतात. ते कमी करावे म्हणून इंधन थोडे उशिरा सोडले, तर काजळी वाढते आणि डिझेलही अधिक जळते. काळा धूर डोळ्यांना दिसतो, दुसरा विषार दिसत नाही. आपल्याकडच्या धूरतपासणी केंद्रावरही डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणाच तेवढा मोजतात. पिगू यांनी 1920 च्या आपल्या ग्रंथात धुराड्यांच्या धुराचे उदाहरण देऊन दाखविले होते की, उत्पादकाच्या हिशेबात न येणारा खर्च कोणीतरी भरतच असतो. येथे तो खर्च चौकातला हवालदार, दुचाकीवरचा कारकून आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले आहे.

आणि फसवणूक फक्त रस्त्याकडेचे कारागीर करतात, असे कोणी समजू नये. 1998 साली अमेरिकेत अवजड इंजिनांच्या सात कारखानदारांवर असे बालंट आले की, त्यांची इंजिने चाचणीच्या वेळी सभ्यपणे वागत आणि महामार्गावर गेली की डिझेल वाचविण्यासाठी विषार वाढवीत. प्रकरण सुमारे शंभर कोटी डॉलरांच्या तडजोडीने मिटले. 2015 मध्ये मोटारींच्या बाबतीत तेच उघडकीस आले. भारतात 1 एप्रिल 2020 पासून भारत-सहा ही मानके लागू झाली. डिझेलमधील गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणले गेले, मालमोटारींना काजळीची गाळणी आली, आणि विषारी वायूचे पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करण्यासाठी 32.5 टक्के युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली. पुण्याच्या संशोधन संस्थेत अशा इंजिनांच्या चाचण्या होतात. मानके कागदावर उत्तम आहेत. ती रस्त्यावर टिकतात की नाही, हे त्या दुरुस्तीगृहासारख्या हजारो जागी ठरते.

तेथील मिस्त्रीची तपासणी दोन तास चालली. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा तेल जादा, निळा म्हणजे वंगण जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर एक तर तेल न जळताच जाते आहे किंवा थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये झिरपते आहे, एवढे प्राथमिक ज्ञान त्याने मला दिले. गाळणी असलेल्या गाडीत मात्र हे रंग दिसत नाहीत, म्हणून आकड्यांवर विसंबावे लागते. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारे तेल त्याने वेगवेगळ्या बाटल्यांत मोजले. ते सारखे होते. टर्बोचा दांडा हलवून पाहिला. तो घट्ट होता. हवेचा फिल्टर स्वच्छ होता. मग त्याने टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारी रबरी नळी साबणाच्या पाण्याने ओली केली आणि मदतनिसाला इंजिनाचा वेग वाढवावयास सांगितले. पकडीच्या पट्टीखाली, डोळ्यांना न दिसणारी एक चीर होती. तेथून फेस उसळला. इंजिनाला द्यावयाची हवा तेथे निसटत होती, काजळी त्यामुळे वाढत होती, आणि ती जाळून गाळणी मोकळी करण्यासाठी गाडी पुन्हापुन्हा जादा डिझेल पीत होती. चढावरचा दम त्याच चिरेतून जात होता.

नळीची किंमत गाळणीच्या किमतीच्या मानाने नगण्य होती. ती बदलल्यावर गाडी जागेवरच बराच वेळ तापवून गाळणीतील काजळी जाळण्यात आली आणि दाब पुन्हा मोजण्यात आला. वारंवारच्या जाळण्यामुळे वंगणात डिझेल उतरले असणार, म्हणून तेही बदलले. मालकाने पैसे देताना थोडी कुरकुर केली, कारण अर्धा दिवस गेला होता. मिस्त्रीने वहीत आधीचा आणि नंतरचा असे दाबाचे दोन आकडे लिहिले, त्यापुढे तारीख आणि गाडीचा नंबर घातला, आणि पंधरा दिवसांनी तिसरा आकडा लिहावयास गाडी घेऊन येण्याची त्याला ताकीद दिली.